कामठ्याचं वजन

माझा उजवा खांदा पावसाळ्यात ठणकतो. डॉक्टर म्हणतात, वय झालं. वय झालं हे खरंच, सत्तरी ओलांडली. पण हे दुखणं वयाचं नाही. ते १९८० सालच्या होळीच्या दुसऱ्या दिवसाचं आहे. त्या दिवशी मी माझ्या ताकदीबाहेरचा कामठा ओढला. कशासाठी ओढला, आणि पुढं माझ्या खांद्याला पेलणारा कामठा मला कुणी निवडायला शिकवला, ते सांगायला बसलोय.

कामठा म्हणजे धनुष्य. सातपुड्यातले भिल्ल-पावरे तीरकामठा म्हणतात. मी मूळचा बीड जिल्ह्यातला. आमच्या महारवाड्यात धनुष्य पाहिलं ते कॅलेंडरवर, रामाच्या हातातलं. किंवा मास्तरनं सांगितलेल्या गोष्टीत. शिवाचं धनुष्य एवढं जड की भल्याभल्या राजांना हललं नाही. रामानं उचललं, मोडलं आणि सीता त्याची झाली. म्हणजे जड धनुष्य ज्याला उचलतं तो मोठा. लहानपणी हे डोक्यात पक्कं बसलं. बसवलं गेलं म्हणा.

ओझ्याची ओळख मात्र आम्हाला गोष्टीतून करून घ्यावी लागली नाही. बापानं तरुणपणी महारकी केली. मेलेली ढोरं ओढली. १९५६ नंतर ते काम टाकलं आणि मोंढ्यात हमालीला लागला. क्विंटलाची पोती. शंभर किलो पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. १९७२ च्या दुष्काळात मोंढा ओस पडला तेव्हा खडी फोडायला गेला. आई पाट्या वाहायची. मीही त्या उन्हाळ्यात वाहिल्या. खायला सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी. पाटी किती भरायची ते मुकादम ठरवायचा. पोत्यात किती भरायचं ते आडत्या ठरवायचा. बापाला कुणी कधी विचारलं नाही की गड्या, तुला किती झेपतं? झेपलं नाही तर दुसरा गडी होताच.

बापाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. सदरा शिवायला टाकला की शिंपी म्हणायचा, एक बाही बोटभर वेगळी धरावी लागती बगा.

मी शिकलो. मास्तर झालो. १९७८ साली आश्रमशाळेवर नेमणूक झाली ती अक्राणी महालात, धडगावच्या वरच्या डोंगरात. तेव्हा तो धुळे जिल्हा होता, १९९८ पासून नंदुरबार. विज्ञान शिकवायचो. पोरं भिल्लांची, पावऱ्यांची. मास्तर मंडळी बहुतेक खालची, गाववाली, आडनावं सांगणारी. मीच एक असा की ज्याच्या आडनावावर दोन मिनिटं विचार करून मग पाण्याचा ग्लास पुढं व्हायचा.

होळी तिथली मोठी. रात्रभर ढोल. बाप्ये कमरेला घुंगरं बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून नाचतात. हातात तीरकामठे. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात काही मंडळी आली. नेम धरायची चढाओढ लागली. एका दांडग्या पावऱ्याजवळ मनगटाएवढा जाड कामठा होता. आमच्या हेडमास्तरनं तो ओढून पाहिला, जमला नाही, हसून बाजूला ठेवला. आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "घ्या गुरुजी, तुम्ही ओढा. तुमच्या लोकांना काय, वजनाची सवयच असते."

सगळे हसले. पोरंही हसली. पोरांना अर्थ कळला नव्हता.

मी कामठा घेतला. तोंड आभाळाकडं केलं, कारण सरळ धरून दोरी हलतच नव्हती. वर रेटा देत देत, पाठ वाकडी करून, दात खाऊन मी दोरी छातीपर्यंत आणली. हात लटलट कापत होता. नेम कसला घेता. खांद्यात कट्ट वाजलं आणि दोरी सुटली. तीर शाळेच्या कौलांवरून पलीकडं गेला. तिकडं पोरींची पाण्याची रांग होती. नशीब, कुणाला लागला नाही. हे मी आजही झोपेत आठवून दचकतो.

दीड महिना फळ्यावर खडू धरता आला नाही.

चार-पाच दिवसांनी एका पोराचा आजा खोलीवर आला. सगळे त्याला डोकरा म्हणत, मी आजा म्हणायचो. कामठे करण्यात त्याचा हात धरणारा त्या पाड्यांत कुणी नव्हता. त्याच्या बोलीत अहो-जाहो नाही, कलेक्टर आला तरी तो तूच म्हणायचा. कुठलासा पाला वाटून आणला होता, तो खांद्यावर लावला. मग बसला, बिडी पेटवली आणि विचारलं,

"मास्तर, तो कामठा तू कोणासाठी ओढला?"

मी गप्प. काय सांगणार?

"डुकरासाठी ओढला? पाहुण्यासाठी ओढला? तुझ्या पोटासाठी ओढला?"

मी म्हटलं, "हेडमास्तरसाठी ओढला."

"मग त्यालाच लागला असता तर बरा," म्हातारा म्हणाला आणि खोकला येईपर्यंत हसला.

माझं शिक्षण तिथून सुरू झालं. ते दोन पावसाळे चाललं.

आधी हे समजून घ्या की कामठ्याचं वजन म्हणजे काट्यावर ठेवून भरतं ते नव्हे. सबंध कामठा किलोभरसुद्धा भरत नाही. त्याची काठी बांबूची, दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. वजन म्हणायचं ते ओढीचं. दोरी मागं ओढून गालापाशी धरून ठेवायला जेवढा जोर लागतो, ते त्याचं वजन. आणि ते एक ठाम नसतं. जितकं मागं ओढाल तितकं वाढतं. बाजारातल्या धनुष्यावर ४५ पौंड लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ, २८ इंच ओढल्यावर ४५ पौंड, म्हणजे २० किलोच्या आसपास. लांब हाताचा गडी तेच धनुष्य तीस इंच ओढील, त्याला ते पन्नासाच्या घरात जाईल. माझ्यासारख्या आखूड हाताच्याला चाळिसाच्या जवळ. त्या मापाच्या धनुष्याला इंचामागं दोन-अडीच पौंडांचा फरक धरा. म्हणून दुसऱ्याच्या कामठ्याचा आकडा आपल्या कामाचा नाही. आपल्या हाताच्या लांबीवर तो किती भरतो, ते पाहायचं.

हे पौंड-किलो आजाला ठाऊक नव्हते. त्यानं माझे हात समोर धरायला लावले, दोन्ही तळवे जुळवून. छातीच्या खळगीपासून बोटांच्या टोकापर्यंत काडी लावली आणि तिथं मोडली. म्हणाला, "हा तुझा तीर. याच्यापेक्षा जास्त ओढू नको, कमी पण ओढू नको." ती काडी मी मोजली. साडेसव्वीस इंच.

आकडे काढायची खोड मला, विज्ञानाचा मास्तर ना! अंगणवाडीच्या बाईंकडं लटकता काटा होता, तान्ही पोरं झोळीत घालून तोलायचा, २५ किलोपर्यंतचा. तो मागून आणला. खुंटीला टांगला, त्याच्या आकड्यात कामठ्याची दोरी अडकवली आणि काडीच्या मापापर्यंत कामठा खाली ओढला. पोराठोरांचे कामठे पाच-सहा किलोचे निघाले. बाप्यांचे अठरा ते बावीस. आणि ज्यानं माझा खांदा खाल्ला त्या कामठ्याला काट्याचा २५ चा आकडा संपला, तरी दोरी अजून काडीच्या निम्म्यापर्यंतही आली नव्हती.

बाई काटा परत न्यायला आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पोर होतं. तेच झोळीत घालून तोललं. दीड वर्षाचं पोर, साडेपाच किलो. गड्यांचे कामठे मोजून आम्ही नुकतेच हसत होतो. हसू तिथंच थांबलं. आजानं पोराकडं पाहिलं आणि म्हणाला, "म्हणून कामठा लागतो, मास्तर."

मोठेपणासाठी नाही, पोटासाठी. तिथून आजाचा सगळा हिशेब सुरू व्हायचा.

शिकाऱ्याला कामठा किती जड हवा? आजाचं उत्तर दोन टोकांचं होतं. एक, जनावरात तीर नीट शिरला पाहिजे इतका तरी हवाच. बंदुकीची गोळी धक्का देते. तीर धक्का देत नाही, तो कापतो. रक्त वाहून जनावर पडतं. तीर वरवर रुतला तर जनावर पळून जातं, आठ दिवस सडत मरतं, आणि आपलं पोरही उपाशीच राहतं. आजाच्या लेखी याच्याइतकं वाईट काम दुसरं नव्हतं. अमेरिकेत हौसेनं धनुष्याची शिकार करतात, तिथं याच कारणासाठी बऱ्याच राज्यांत कायदा आहे की हरणासाठी धनुष्य अमुक पौंडांच्या खाली नको. कुठं ३०, कुठं ३५, कुठं ४०. इंग्लंडनं तर १९८१ च्या कायद्यानं जंगली जनावरांवर धनुष्य चालवायलाच बंदी केली.

दुसरं टोक, आपल्याला पेलला पाहिजे. पेलणं म्हणजे एकदा कसाबसा ओढणं नव्हे. त्यासाठी आजाच्या परीक्षा होत्या. मी त्या जशाच्या तशा सांगतो, कुणाच्या कामी येतील.

पहिली. उकिडवं बसून ओढ. जनावर काही तुम्ही ऐटीत उभे राहीपर्यंत थांबत नाही. झुडपात बसलेले असता, माळ्यावर पाय लोंबते असतात, तिथून ओढता आला पाहिजे. उभ्यानं ओढता येतो आणि बसून येत नाही, तो कामठा आपला नाही.

दुसरी. कामठा जिथं मारायचा तिथंच रोखून ओढायचा. तोंड आभाळाकडं गेलं की समजायचं, जड आहे. जनावराला एवढी हालचाल पुरे, ते गेलं. आणि सुटलेला तीर कुठं जाईल त्याचा नेम नाही. हे तर मी पटांगणातच शिकलो होतो.

तिसरी. ओढून धरायचा. आजा समोर बसून बिडीचे दोन सावकाश झुरके घ्यायचा. तेवढा वेळ हात न कापता दोरी गालाशी राहिली पाहिजे. कापला की म्हणायचा, "टाक." म्हणजे तीर सोडू नको, दोरी हळूच परत ने. परत नेता येणं हीसुद्धा परीक्षाच.

चौथी. सकाळी ताज्या अंगानं नाही, संध्याकाळी. दिवसभर लाकडं तोडून, डोंगर चढून आल्यावर ओढ. पोटात काही नसताना ओढ. "शिकार काय जेवून करतात का?" तो विचारायचा.

पाचवी. पहिला तीर गेला तसाच विसावा गेला पाहिजे. दहाव्याला कोपर खाली यायला लागलं तर कामठा खाली ठेव आणि हलका घे.

या पाचांत जो सगळ्यांत जड कामठा पास होतो, तो तुमचा. आणि तो त्या पहिल्या टोकाच्या वर असेल, तर तुम्ही शिकारी. नसेल तर अजून एक पावसाळा थांबा.

मला थांबावं लागलं. खांदा बरा झाल्यावर आजानं आधी पोरांतला एक कामठा दिला, नऊ किलोचा. मला लाज वाटली. पाचवीतली पोरं तोच ओढत होती. पण दोन महिने तोच. नंतर तेरा किलोचा. नंतर सोळाचा. मध्ये एकदा मी घाई केली, एकोणिसावर गेलो, कोपर दुखायला लागलं, परत सोळावर आणला. मांसाला ताकद लवकर येते, सांध्याला आणि शिरांना वेळ लागतो, हे शरीरशास्त्र मी पोरांना शिकवत होतो. स्वतःच्या खांद्यावर शिकलो ते आत्ता. शेवटी एकोणीस किलोचा माझा झाला. पौंडात ४२. तो कामठा आजानं माझ्या काडीच्या मापानं मुद्दाम केला.

करताना त्यानं एक गोष्ट दाखवली. कामठा जड झाला तर आतल्या बाजूनं काचेच्या तुकड्यानं तासायचा. बाहेरची साल, जी ताणली जाते, तिला हात लावायचा नाही, नाहीतर मोडतो. आतून चार वेळा काच फिरवली की किलोभर उतरतो. पुन्हा ओढून बघायचा, पुन्हा तासायचा. तासता तासता म्हणाला, "कामठा तासता येतो, मास्तर. खांदा तासता येत नाही."

मला एकदम बापाचा खांदा आठवला. त्याचा तर तासलाच होता.

पुढं बदली होऊन शहरात आलो. वाचनालयात बसायची सवय लागली. तिथं जे वाचायला मिळालं त्यातल्या दोन गोष्टी सांगतो.

इंग्लंडच्या राजाचं मेरी रोज नावाचं लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं. १९८२ साली ते समुद्रातून वर काढलं. त्यात शंभराहून जास्त धनुष्यं सापडली. अभ्यासकांच्या अंदाजानं त्यांच्या ओढीचं वजन १०० पासून १८५ पौंडांपर्यंत. ऐकायला केवढं शूर वाटतं! पण सोबत माणसांचे सांगाडेही निघाले. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या खांद्याच्या टोकाचं हाड सांधायचं वयात सांधलेलंच नव्हतं. पोरवयापासून जड धनुष्य ओढल्याची ती खूण असावी, असं अभ्यासक मानतात. तिथं कायदाच होता, पोरांनी लहानपणापासून धनुष्याचा सराव केलाच पाहिजे. लढाई राजाची, चिलखत फोडायचं होतं, तेव्हा वजन राजाच्या गरजेनं ठरलं. खांदा मात्र गड्याचा. पाण्यात साडेचारशे वर्षं काढूनही हाडं बोलली. मी पुस्तक मिटलं आणि बापाच्या सदऱ्याची बाही डोळ्यापुढं आली.

दुसरी गोष्ट इशीची. कॅलिफोर्नियातल्या याही लोकांची गोऱ्यांनी कत्तल केली. त्यातून उरलेला हा शेवटचा माणूस १९११ साली ओरोव्हिल गावाजवळ एका खाटिकखान्यापाशी सापडला, उपाशी. त्याला विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवलं. स्वतःचं नाव त्यानं कुणाला सांगितलं नाही. इशी म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं माणूस. सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरनं त्याच्याकडून धनुष्य करायला आणि शिकार करायला शिकून घेतलं. आज अमेरिकेत धनुष्याची जी हौशी शिकार चालते ती पोपच्या पुस्तकावरून वाढली, म्हणजे मूळ गुरू इशी. या इशीचं धनुष्य होतं सुमारे ४५ पौंडांचं. पोपनं पुढं अस्वलांसाठी ७५ पौंडांपर्यंत मजल मारली. पण इशीला हरणाला ४५ पुरत. कारण तो जवळ जायचा. शिकारीआधी तंबाखू बंद, मासे बंद, अंगाला वास नको म्हणून अंघोळ. मग वाऱ्याची दिशा बघून वीस-तीस पावलांवर.

आमचा आजाही शिकारीच्या आदल्या दिवशी बिडी ओढत नसे. ना त्यानं इशीचं नाव ऐकलं होतं, ना इशीनं सातपुडा पाहिला. पण दोघांचा हिशेब एकच. ज्याला जवळ जाता येतं त्याला जड धनुष्य लागत नाही. जड धनुष्य लांबून मारणाऱ्याला लागतं.

इशी १९१६ साली क्षयानं मेला. शवविच्छेदनात त्याचा मेंदू काढला आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडं पाठवला. तो त्याच्या माणसांच्या नातलगांना परत मिळाला २००० साली. आपल्याकडं द्रोणानं शिष्याचा अंगठा मागून घेतला. तिथं गुरूचाच मेंदू काढून नेला, आणि तोही न विचारता.

अंगठ्याचं निघालंच आहे तर सांगतो. आजा दोरी ओढायचा ती तर्जनी आणि मधल्या बोटांनी. अंगठा बाजूला. मी विचारलं तर म्हणाला, आमच्यात असंच. खालचे लोक म्हणतात, एकलव्याची आठवण म्हणून. ते असेल नसेल. पण गंमत बघा, आज ऑलिंपिकमध्ये जे धनुर्धारी उतरतात ते सगळे तीनच बोटांनी दोरी ओढतात, अंगठा न लावता. राजस्थानातला अहारी आदिवासी लिंबा राम बांबूच्या धनुष्यावर वाढला आणि १९८८, १९९२, १९९६ अशी तीन ऑलिंपिकं खेळला. १९९१ साली सरकारनं त्याचा गौरव केला तो अर्जुन पुरस्कार देऊन. एकलव्याच्या नावाचा का नाही, असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नसेल.

आता त्या रात्रीचं सांगतो. मक्याचं शेत होतं आजाच्या लेकाचं. रानडुकरं रोज रात्री निम्मं लोळवायची. १९७२ सालच्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला कुंपण पडलं होतं, आणि मी पगारी मास्तर. तरी गेलो. खोटं कशाला बोलू. माळ्यावर आम्ही दोघं, खाली काळोख. पहाटे चंद्र वर आला तेव्हा डुक्कर निघालं. पंधरा पावलांवर. मी बसल्या बसल्या दोरी ओढली. गालाशी आली. हात दगडासारखा स्थिर. आणि डुक्कर वळलं, तोंड माझ्याकडं करून उभं राहिलं. समोरून तीर मारायचा नाही, कवटीवर आणि खांद्याच्या हाडावर अडतो, जनावर जखमी होऊन जातं. आडवं होईपर्यंत थांबायचं. मी थांबलो. एक झुरका झाला. दुसरा झाला. डुक्कर तसंच. मी दोरी हळूहळू परत नेली. बांबू जरा कुरकुरला. डुक्कर फुस्स करून काळोखात गेलं.

मला वाटलं, आजा शिव्या देणार. तो म्हणाला, "बरं केलं."

त्या रात्री माझ्या हातात तो पटांगणातला कामठा असता तर मला थांबता आलं नसतं. जड कामठा आपल्याला थांबू देत नाही. दोरी ओढली की सोडावीच लागते, कारण धरवत नाही. मग सोडायचं कधी, हे आपण ठरवत नाही, वजन ठरवतं. माझा बाप फळीवर चढला की मध्ये थांबू शकत नव्हता. पाठीवर शंभर किलो असताना माणूस विचार करीत नाही, फक्त पुढचं पाऊल टाकतो. आयुष्यभर असं ओझं पाठीवर ठेवलं की विचार करायची सवड कुणाला मिळत नाही. ते ठेवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक होतं.

एकोणीस किलो मी माझे म्हणून निवडले होते. ते धरून मला विचार करता आला. मारायचं की नाही ते ठरवता आलं. आमच्या घराण्यात हातातल्या वजनाबद्दल असं ठरवणारा मी पहिलाच असेन.

अमेरिकेतल्या नव्या चाकांच्या धनुष्यांबद्दल पोरं विचारतात. १९६९ साली त्याचं पेटंट निघालं. ते ओढताना मध्ये जड लागतं, पण पुरतं ओढलं की चाकं भार घेतात आणि धरायला पाचवा हिस्सा उरतो. साठ पौंडांचं धनुष्य बारा पौंडांच्या जोरावर धरून राहता येतं. छान आहे. पण तिथंही बसल्या बसल्या, तोंड आभाळाकडं न करता ओढता आलंच पाहिजे. आजाच्या परीक्षा तिथंही सुटत नाहीत.

आजाला जाऊन बरीच वर्षं झाली. १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचं उरलंसुरलं दारही जवळपास लागलं. जंगलही तेवढं राहिलं नाही. कामठे होळीला निघतात. माझा माझ्या खोलीत खुंटीवर आहे. दोरी दोनदा बदलून आणली.

गेल्या पावसाळ्यात ओढून पाहिला. काडीच्या मापापर्यंत आला, पण एक झुरका होण्याआधीच हात कापायला लागला. मी काच घेतली, ओट्यावर बसलो आणि आतून तासायला लागलो. पुतण्या आला, म्हणाला, "आबा, चांगला कामठा कशाला पातळ करता? ताकद गेली म्हणा की."

मी म्हटलं, "गेली. म्हणून तर तासतोय."

चौदा किलोवर आणला. चौदा किलोनं डुक्कर मारू नये, आणि मला मारायचंही नाही. मागच्या अंगणात कडब्याच्या पेंढीवर संध्याकाळी वीस तीर सोडतो. विसावाही पहिल्यासारखा जातो.

तासताना ओट्यावर बांबूचा भुसा पडला होता. तो झाडून काढताना मनात आलं, माझ्या बापाला एवढंच मिळायला पाहिजे होतं. मोंढ्यातल्या त्या फळीशी कुणीतरी एकदा थांबवून विचारायला पाहिजे होतं, दादा, किती झेपतं तुला?